रांगेत नसलेल्यांची यादी ठेवणारं आरोग्य केंद्र

या केंद्रात पहिल्यांदा गेले तेव्हा केसपेपरच्या खिडकीशेजारचा फळा वाचत मी उभीच राहिले. दवाखान्यातल्या फळ्यावर काय लिहिलेलं असतं ते मला पाठ आहे: आज किती पेशंट तपासले, किती इंजेक्शनं दिली, किती जणांचं रक्त घेतलं. इथे नेमकी उलटी नोंद होती. या महिन्यात बीपी तपासायला यायला हवे होते पण आले नाहीत, असे इतके. लसीच्या तिसऱ्या डोसला आणलीच नाहीत अशी बाळं, इतकी. बाळंतपणानंतर ज्यांना अजून कुणी भेटलेलं नाही अशा बायका, इतक्या. प्रत्येक आकड्यापुढे त्या घरी कोण जाणार आणि कधी जाणार तेही लिहिलेलं.

दोन वर्षं झाली, मी दिराला घेऊन इथे येते. पाचपैकी चार गुण देते. एक गुण का कापला ते पुढे सांगते, कारण ते सांगण्याआधी या फळ्यापाशी माझे पाय का थांबले ते सांगायला हवं.

एकतीस वर्षं मी परिचारिकेचं काम केलं, त्यातली शेवटची अकरा वर्षं ओपीडीची जबाबदारी माझ्याकडे होती. सकाळी दार उघडण्याआधीच रांग लागलेली असायची. दुपारी एकला शेवटचा पेशंट बाहेर पडला की रजिस्टरवर आडवी रेघ मारायची आणि सही करायची. रांग संपली म्हणजे काम संपलं, असं मी मनापासून मानत होते. वर जाणाऱ्या अहवालातही एवढंच विचारलेलं असायचं, की किती आले. मागच्या महिन्यापेक्षा आकडा वाढला तर शाबासकी, घटला तर खुलासा. जे आले नाहीत त्यांच्यासाठी त्या छापील तक्त्यात रकानाच नव्हता.

माझा धाकटा दीर रात्रपाळीला जायचा. सकाळी आठला घरी येऊन झोपायचा, दुपारी दोनला उठायचा. ओपीडी एकला बंद. डोकं दुखतंय म्हणाला की मी म्हणायचे, झोप पूर्ण होत नाही म्हणून असेल. बेचाळिसाव्या वर्षी एका पहाटे कामावरच त्याची उजवी बाजू गेली, बोलणं अडकलं. भरती करताना बीपी दोनशे दहा, खालचं एकशे वीस. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी मोजलं होतं?" मी पलंगाशेजारी उभी होते. हजारो अनोळखी माणसांच्या दंडाला पट्टा गुंडाळणारी त्याची वहिनी, आणि त्याचं बीपी एकदाही मोजलेलं नव्हतं. तो कधी रांगेत आलाच नाही, म्हणून तो माझ्या कुठल्याच रजिस्टरात नव्हता.

हे मी कुणाची कणव मिळवण्यासाठी लिहीत नाही. आरोग्यसेवा आखताना पहिली चूक इथेच होते, आणि ती मी स्वतः अकरा वर्षं सही करून केली, म्हणून लिहिते आहे.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला. सामाजिक धोरणाचे अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार वेगळे करून दाखवले. जाणकारांनी ठरवलेली गरज, माणसाला स्वतःला जाणवणारी गरज, त्याने मागून किंवा दारात येऊन दाखवलेली गरज, आणि तशाच दुसऱ्या वस्तीशी ताडून पाहिल्यावर दिसणारी गरज. माझ्या दिराची गरज पहिल्या प्रकारची होती. त्याला ती जाणवत नव्हती, कारण वाढलेलं बीपी बहुतेकदा काही दुखवत नाही. जाणवत नव्हती म्हणून तो आला नाही. आणि आमचा सगळा दवाखाना तिसऱ्या प्रकारावर उभा होता, म्हणजे दारात जो येईल त्याच्यावर. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता या केंद्राबद्दल. इथल्या प्रभारी डॉक्टर बाईंनी एकदा मला निवांत बसून सगळं सांगितलं, मी जुनी परिचारिका आहे म्हटल्यावर. इमारतीचा आराखडा काढण्याआधी त्यांनी घरं मोजली. कुठल्या घरात कोण राहतं, वय काय, गरोदर कोण आहे, अंथरुणाला कोण खिळलेलं आहे, कामाची वेळ काय, दवाखान्यात यायला किती चालावं लागतं. कामाची वेळ विचारणारा फॉर्म मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्या एका रकान्यामुळे इथे आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ ओपीडी चालते. माझ्या मते या केंद्राचं सगळ्यात मोठं यश ही संध्याकाळची ओपीडी आहे. तिथे जे चेहरे दिसतात, कामाच्या कपड्यांत, डबा हातात धरलेले, ते सकाळच्या रांगेत मला एकतीस वर्षांत फारसे दिसले नव्हते.

ही रीत नवी नाही. सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० मध्ये दक्षिण आफ्रिकेत फोलेला इथे आरोग्य केंद्र सुरू केलं, तेव्हा घरोघरी जाऊन माहिती गोळा करणं हाच उपचाराचा पाया धरला. कुपोषण दिसलं म्हणून त्यांनी औषधांच्या जोडीला भाजीचे मळे लावून घेतले. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा डॉक्टर गावातल्या मोठ्या माणसांचं बीपी मोजत सुटला. आजारी असो वा नसो, नेमाने मोजायचंच. १९७१ मध्ये त्यानेच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की चांगली वैद्यकीय सेवा तिची गरज जिथे जास्त तिथेच कमी सापडते. माझा दीर खाणीत नव्हता, पण असा एखादा डॉक्टर त्याच्या पाळीच्या वेळी दारात उभा राहिला असता तर, असं अजूनही मनात येतं.

आम्ही आधी जिथे जायचो त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. इमारत मोठी होती, दर्शनी भागाला काच होती. एक्स-रे मशीन आलं, पण ते चालवणारा तंत्रज्ञ आलाच नाही, खोलीला कुलूप. एका प्रकल्पातून फिरता दवाखाना मिळाला, दोन वर्षं छान फिरला, मग प्रकल्पाची मुदत संपली आणि गाडी मागच्या आवारात उभी राहिली. तिच्या पायऱ्यांवर मुलं खेळायची. तिथले लोक कामचुकार नव्हते. आधी वस्तू आली आणि मग तिचं काय करायचं ते शोधलं गेलं, एवढंच. मिल्टन रोमर या अमेरिकन अभ्यासकाच्या नावाने ओळखलं जाणारं एक निरीक्षण आहे, की विम्याचं पाठबळ असेल तिथे रुग्णालयात खाट बांधली की ती भरते. याचा अर्थ भरलेली खाट ही गरजेचा पुरावा मानता येत नाही. माझ्या मते रिकामी, कुलूपबंद खोलीसुद्धा गरज नसल्याचा पुरावा नसते. एक्स-रे लागणारी माणसं होतीच, ती दुसरीकडे जात होती किंवा तशीच राहत होती.

इथे यंत्रं मोजकी आहेत. बीपीची मशीनं चार, पैकी एक कायम राखीव, आणि मशीन बरोबर दाखवतंय का ते तपासल्याची तारीख प्रत्येकावर चिकटवलेली. लसींचा फ्रीज सौरऊर्जेवर चालतो. आतलं तापमान दोन ते आठ अंशांत आहे ना, ते दिवसातून दोनदा लिहून सही होते. मी मुद्दाम वही चाळून पाहिली, रविवारच्याही सह्या होत्या. बीपीची औषधं थोड्याच प्रकारची ठेवतात, सगळे डॉक्टर एकाच ठरलेल्या क्रमाने ती देतात, त्यामुळे साठ्याचा अंदाज चुकत नाही. दोन वर्षांत दिराची गोळी "आज नाही, पुढच्या आठवड्यात या" असं एकदाच ऐकलं, आणि तेव्हाही चार दिवसांनी घरी पोचवली. रोजच्या गोळ्या खाणाऱ्याला माहीत असतं की एक खेप रिकामी गेली की पुढच्या खेपेला पाय उचलत नाही.

कर्मचारी किती ठेवायचे हे त्यांनी कसं ठरवलं ते ऐकताना मला फार आनंद झाला, कारण माझ्या नोकरीत हा प्रश्न नेहमी "अमुक लोकसंख्येमागे एक" असं म्हणून मिटवला जायचा. जागतिक आरोग्य संघटनेची कामाच्या ओझ्यावरून माणसं ठरवायची एक पद्धत आहे, २०१० मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. मी ती आता वहीत स्वतः मांडून पाहते. समजा आठवड्याला पाच दिवस काम, वर्षाचे २६० दिवस. रजा, सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण मिळून ५० दिवस वजा केले की २१० उरतात. दिवसाला ७ तास धरले तर एका परिचारिकेकडे वर्षाला १४७० तास आहेत. बीपीच्या एका पेशंटला नीट १५ मिनिटं दिली तर तासाला चार, म्हणजे वर्षाला ५८८० भेटी, तेही दुसरं कुठलंच काम न करता. आता एक हजार पेशंट दर महिन्याला बोलवा. बारा हजार भेटी झाल्या. दोन परिचारिका फक्त बीपीच मोजत बसतील आणि तरीही काम उरेल.

मग काय करायचं? आम्ही काय करायचो ते सांगते. पंधरा मिनिटांच्या जागी तीन मिनिटं द्यायचो. पट्टा बांधला, आकडा लिहिला, पुढचा. या केंद्राने दुसरा मार्ग घेतला. औषध नुकतं सुरू झालेल्यांना दर महिन्याला बोलवायचं, आणि ज्यांचं बीपी आटोक्यात आलं आहे त्यांना तीन महिन्यांनी, तीन महिन्यांच्या गोळ्या हातात देऊन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही आटोक्यात असलेल्यांसाठी तीन ते सहा महिन्यांचं अंतर सांगतात. सगळे हजार जण आटोक्यात आले असं धरलं तर वर्षाला चारच हजार भेटी होतात. प्रत्यक्षात तसं कधी होत नाही, पण जेवढे आटोक्यात येतात तेवढा परिचारिकेचा वेळ सुटतो. आणि तो सुटलेला वेळ घेऊन ती फळ्यावरच्या नावांच्या घरी जाते. फळा, गोळ्यांचा साठा, भेटींमधलं अंतर हे सगळं एकाच हिशेबाचे भाग आहेत. गोळ्या तीन महिन्यांच्या मिळाल्या नाहीत तर परिचारिका टेबलावरून उठू शकत नाही, आणि ती उठली नाही तर न आलेला माणूस न आलेलाच राहतो.

टिकाऊ सेवा म्हणजे हीच, असं मला वाटतं. सौर पॅनल चांगलंच आहे, पण ते बसवून सेवा टिकत नाही. रोजचं काम रोजच्या माणसांच्या तासांत मावलं तर टिकते. मावलं नाही तर उत्साही माणसं वर्षभर जास्तीचं ओझं ओढतात आणि मग बदली मागतात. मी अशा कितीतरी मुली जाताना पाहिल्या आहेत. या केंद्रात दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी जी परिचारिका भेटली तीच आजही आहे. दिराला शब्द सापडत नाहीत तेव्हा ती थांबते, त्याच्याऐवजी वाक्य पूर्ण करत नाही. हे नव्या माणसाला जमत नाही. त्याला पेशंट ओळखावा लागतो.

पैसा कुठे वळवायचा याचंही तेच. टांझानियातल्या रुफिजी आणि मोरोगोरो या जिल्ह्यांत १९९० च्या दशकाच्या शेवटी एक प्रयोग झाला. लोक कशाने आजारी पडतात, कशाने मरतात ते घराघरांतून मोजलं आणि त्या ओझ्याच्या प्रमाणात खर्च लावायचा प्रयत्न केला. आधीचा खर्च आणि खरं ओझं यांचा मेळ नव्हता; मलेरियाचा वाटा मोठा आणि त्यावरचा खर्च अगदी थोडा. थोड्याशाच जादा निधीत लहान मुलांचे मृत्यू लक्षणीय घटले. या केंद्रातही दर तीन महिन्यांनी लोकांसमोर हिशेब मांडतात. मी तीन बैठकांना बसले. एकीत सोनोग्राफी मशीन घ्यावं की फिजिओथेरपिस्टचे दिवस वाढवावेत यावर चर्चा झाली. बऱ्याच जणांना मशीन हवं होतं. मशीन दिसतं, फोटोत येतं, आपल्या केंद्राला मान वाटतो, मी ते समजू शकते. मग परिचारिकेने यादी वाचली: अर्धांगवायू झालेले, खुब्याचं हाड मोडलेले, गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणारे. नावं घेतली नाहीत, फक्त कुठल्या भागात किती ते सांगितलं. सभागृह शांत झालं. फिजिओथेरपी आठवड्यातून एक दिवस होती ती तीन दिवस झाली.

यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. दीर आता काठी टेकून दोन जिने चढतो. आधीच्या दवाखान्यातून घरी सोडताना व्यायामाचा एक छापील कागद हातात दिला होता. झटक्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणेला सगळ्यात जास्त वाव असतो, आणि त्यातले पहिले दोन महिने तो कागद कपाटावर पडून होता, कारण व्यायाम दाखवायला कुणी नव्हतं. हात अजून पूर्ण उघडत नाही. ते दोन महिने मिळाले असते तर उघडला असता का, कुणी सांगू शकणार नाही.

आता कापलेला गुण.

ज्या फळ्याने मला थांबवलं त्याच फळ्यावर माझी तक्रार आहे. न आलेल्यांची यादी कुठून येते? सुरुवातीला घरं मोजली त्या नोंदीतून. ती मोजणी झाली एकदा. त्यानंतर भाड्याच्या खोल्यांतून माणसं गेली, नवी आली. कामासाठी चार-सहा महिने येऊन राहणारी कुटुंबं तर कुठल्याच मोजणीच्या दिवशी सापडत नाहीत. गेल्या वर्षी फळ्यावर एकदा तिसऱ्या डोसच्या रकान्यात शून्य लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात आमच्या मागच्या खोल्यांत मला एक दहा महिन्यांचं बाळ भेटलं, एकही लस न टोचलेलं. पहिली लस घेतली आणि तिसरी चुकली, तर नाव फळ्यावर येतं. पहिलीच घेतली नाही तर फळ्याला ते बाळ जन्मल्याचंच ठाऊक नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२४ मधल्या अंदाजानुसार २०२३ या वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ४५ लाख बाळांना घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता. ती बाळं अशाच चांगल्या चांगल्या फळ्यांच्या मागे राहतात.

माझा दीर ज्या फटीतून निसटला तीच ही फट, फक्त आणखी आत सरकलेली. मी बाळ कडेवर घेतलेल्या त्याच्या आईला घेऊन केंद्रात गेले आणि डॉक्टर बाईंसमोर उभी राहिले. आवाज चढला माझा. त्यांनी ऐकून घेतलं, बाळाची लस त्याच दिवशी सुरू केली, आणि खरं ते सांगितलं: दरवर्षी पूर्ण मोजणी करायला माणसं पुरत नाहीत, हिशेबात ते तास धरलेच नव्हते. आता भाड्याच्या खोल्यांच्या भागात दर तीन महिन्यांनी फेरी सुरू केली आहे. दोन फेऱ्या झाल्या आहेत. तिसरीची तारीख पुढे ढकलली गेली, ते मला आवडलेलं नाही. चार फेऱ्या वेळेवर झाल्या तर मी पाचवा गुण देईन.

आणखी एक. मनाच्या आजारांसाठी इथे अजून काही नाही. झटक्यानंतर दीर सहा महिने कुणाशी बोलायचा नाही, आणि ते तोंड वाकडं झाल्यामुळे नव्हतं. त्या रकान्याची आखणी फळ्यावर केली आहे, खाली जागा कोरी आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: नोंदणीला पाऊण तास लागतो, कारण ते घरातल्या सगळ्यांची माहिती विचारतात. कंटाळू नका, सगळं सांगा. घरात पाहुणा म्हणून राहिलेलं, पाळीवर जाणारं, अंथरुणावरचं, शेजारच्या खोलीत नवीन आलेलं, जे कोणी असेल त्यांची नावं घालाच. जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. संध्याकाळची ओपीडी सोमवार, बुधवार, शुक्रवार. बुधवारी गर्दी कमी असते. आम्ही त्याच दिवशी असतो, खिडकीजवळच्या बाकावर.